सिकलसेल, गर्भतपासणी आणि सरकारची मर्यादा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सरोगसी, टेस्ट ट्यूब बेबी, गर्भाच्या जनुकीय चाचण्या यांत सरकारने किती लक्ष घालावे, ही चर्चा बहुधा मुंबई-पुण्याच्या महागड्या दवाखान्यांपुरतीच होते. या प्रश्नाची सर्वांत अवघड बाजू मात्र येत्या काही वर्षांत आपल्या विदर्भात पुढे येणार आहे, म्हणून हे पत्र.

उत्तर नागपुरातल्या वस्त्यांत मी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराने ग्रस्त कुटुंबांचे समुपदेशन करते. नवरा-बायको दोघेही वाहक असले, म्हणजे स्वतः आजारी नसूनही आजाराचे जनुक अंगात बाळगणारे असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, हे समजावून सांगणे माझे रोजचे काम. मागे एक तरुणी सासूला घेऊन आली होती. दोघा नवराबायकोची सिकलसेल तपासणीची कार्डे तिने रेशनकार्डासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली. पहिला मुलगा सिकलसेलचा, थंडी पडली की हाडे धरून रात्रभर रडणारा. "मॅडम, पोटातलं आताच समजत असंल तं सांगा ना जी," ती म्हणाली, "मंग काय कराचं ते मी पाहीन." सासूने तिला अडवले नाही. उलट बाहेर जाऊन रिपोर्टच्या झेरॉक्स तिनेच काढून आणल्या.

पोटातले समजते. साधारण तिसऱ्या महिन्यात वारेचा नमुना तपासून बाळाला आजार आहे का ते सांगता येते. टेस्ट ट्यूबच्या मार्गाने गेले तर भ्रूण गर्भाशयात सोडण्याआधीच तपासता येतो, आणि आनुवंशिक आजारासाठी अशा चाचणीला 2021 च्या एआरटी (सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याने मुभाही दिली आहे. पण त्याचा खर्च लाखांत जातो. धुणीभांडी करणाऱ्या बाईला कायद्याने दिलेली ती मुभा काय कामाची? गडचिरोलीतल्या दूरच्या एटापल्लीकडून येणाऱ्या बाईचे हाल आणखी वेगळे. नमुना, रिपोर्ट, पुन्हा फेरी यात आठवडे निघून जातात आणि गर्भपाताची मुदत जवळ येते.

आता सरकारकडे पाहू. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट आहे. या अभियानाचे मी मनापासून स्वागत करते. ज्यांना आपण वाहक आहोत हेच ठाऊक नव्हते, अशी माणसे त्यामुळे तपासणीला येतात. तरीही आरोग्य खात्यात वर्षाचा आकडा पूर्ण करायचा दबाव आला की काय होते, हे या देशाने 1976-77 मध्ये पाहिले आहे. त्या एका वर्षात 80 लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने 1976 मध्ये मंजूरही केले होते. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून आपण वाचलो. उद्या भ्रूणाची चाचणी स्वस्त झाली आणि "वाहक असून तपासणी का केली नाही?" असा प्रश्न एखाद्या योजनेच्या अर्जावर छापला गेला, तर तो सर्वांत आधी गोंड, माडिया आणि बौद्ध वस्त्यांतल्या बायकांना विचारला जाईल. मला ही भीती खरी वाटते.

किती मुले हवीत, याबद्दल सत्तेचे आणि पुढाऱ्यांचे मतही स्थिर नसते. दोनपेक्षा जास्त अपत्ये असली तर राज्याची सरकारी नोकरी नाही, असा नियम आपल्याकडे 2005 पासून आहे. 2024 मध्ये आंध्र प्रदेशाने स्थानिक निवडणुकांसाठीची दोन अपत्यांची अट काढून टाकली. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्याच शहरात सरसंघचालकांनी लोकसंख्येच्या चिंतेपोटी तीन अपत्यांचा आग्रह धरला. आकडा कोणताही ठरो, नऊ महिने पोटात वाढवायचे बाईनेच.

म्हणून सगळे लोकांच्या मर्जीवर सोडा, असे मी म्हणत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला, याचा मला अभिमान आहे. तरीही राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या 1991 मध्ये 946 होती, ती 2011 मध्ये 894 वर आली. तिथे 'निवड' बाईची नव्हतीच. घरच्यांचा दबाव होता आणि पैसे घेऊन सोनोग्राफीचे मशीन फिरवणारे तयार होते. उंची-बुद्धीच्या अंदाजावरून भ्रूण निवडून देणाऱ्या कंपन्या आज अमेरिकेत आहेत, आणि जनुके बदललेल्या जुळ्या मुली चीनमध्ये 2018 मध्येच जन्मल्या. त्या शास्त्रज्ञाला तुरुंगात जावे लागले. असल्या विक्रीवर सरकारने कडक वचक ठेवलाच पाहिजे. त्याऐवजी आपला सरोगसी कायदा 35 ते 45 वयाच्या विधवेला आणि घटस्फोटितेला परवानगी देतो आणि अविवाहितेला नाकारतो. यात आरोग्याचा काय संबंध? मूल व्हावे की नको हा निर्णय व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्येच म्हटले आहे.

1938 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला होता. त्याची माहिती आणि सोयी सरकारने लोकांपर्यंत पोहोचवाव्यात, अशी त्यात मागणी होती. ठराव फेटाळला गेला, पण मागणी आजही तितकीच रास्त आहे.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन इथे भरेल तेव्हा विदर्भातल्या आमदारांनी सरकारकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात. सिकलसेलची गर्भतपासणी आणि तिचा रिपोर्ट विदर्भातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयातून वेळेत व मोफत मिळेल. आणि कार्डावरची माहिती विवाह नोंदणी, नोकरी किंवा योजनेच्या लाभासाठी कोणीही मागणार नाही. मागितली तर त्या अधिकाऱ्यावर कारवाई होईल.

आपली,
एक समुपदेशक, उत्तर नागपूर