कुंभार्ली घाटातल्या अनोळखी माणसांनो, आभार!

चिपळूणहून कऱ्हाडला निघालो होतो. अर्धा घाट चढलो आणि गाडीत रबर जळल्याचा वास. आई म्हणाली, "कुणीतरी टायर जाळतंय." पण दोन वळणं झाली तरी वास सोबतच.

गाडी कडेला घेतली तर मागच्या ट्रकचे ड्रायव्हरकाका आपणहून थांबले. क्लच गेला, असं मी छातीठोकपणे सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं (मान राखला म्हणायचा!) आणि चारही चाकांजवळ तळहात नेऊन पाहिला. ब्रेक धरून बसला असता तर तेवढं एकच चाक तापलं असतं. तसं नव्हतं. मग बॉनेट. क्लीनरने टॉर्च मारला, तर इंजिनच्या बेल्टच्या कडेचे दोरे लोंबत होते, भोवती काळी भुकटी. इंजिन निवल्यावर बेल्ट उतरवून तो ज्यांवरून फिरतो त्या पुल्या हाताने फिरवल्या. एक फिरेचना. बेअरिंग जाम, बेल्ट तिच्यावर घासून जळत होता. "या बेल्टवरच पाण्याचा पंप चालतो. बेल्ट तुटला तर इंजिन उकळेल. चालवू नका," काका म्हणाले आणि ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावून निघाले.

मेकॅनिकदादा बाईकवरून पुली आणि बेल्ट घेऊन आले. मजुरी किती, विचारलं तर पेट्रोलपुरते द्या म्हणाले.

आणि टपरीवाल्या मावशी, आईला चुलीजवळ बसवून तुम्ही चहा-भजी दिलीत, पैसे घेतले नाहीत. तुमची स्टीलची वाटी चुकून आमच्या पिशवीत आली आहे. पुढच्या फेरीत आणून देतो.