माऊसवाल्या अण्णांना जाहीर थँक्यू

अण्णा, नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, जेवलास का" म्हणून विषय बदलता, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितोय, आता पळता येणार नाही तुम्हाला. आणि खरं सांगायचं तर व्हर्च्युअल मशीनमधल्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत प्रोग्रामनं चालवलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरमधल्या, लिनक्सवर माऊस रुसला की लोक काय काय सांगतात आणि तुम्ही काय केलंत, यात इतका फरक आहे की तो लिहून ठेवायलाच पाहिजे, माझ्यासारखा अजून कुणीतरी अडकलेला असणारच कुठंतरी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी दिवसा अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलवाल्याच्या ऑफिसात बिलं बघतो आणि संध्याकाळी लिनक्सचा क्लास करतो. क्लासवाल्यांनी सगळ्यांना पेनड्राइव्हवर एक तयार मशीन दिलं, उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून, सेटिंग करून, फक्त व्हर्च्युअलबॉक्समध्ये (असं मशीन चालवणारा प्रोग्राम) इंपोर्ट करा आणि चालू करा. केलं. चालू पण झालं. पॉइंटर मस्त लोण्यासारखा फिरतोय, जिथं नेईन तिथं जातोय, पण क्लिक नाही. डावं बटण नाही, उजवं नाही, चाक पण नाही. कीबोर्ड मात्र एकदम टकाटक. म्हणजे समोर फोल्डर दिसतंय, बाण त्याच्यावर उभा आहे आणि आत जाता येत नाही, डोकं फिरतं हो अशानं.

मग सल्ले सुरू. रॅम वाढव. गेस्ट ॲडिशन्स (व्हर्च्युअलबॉक्सचे मशीनमध्ये टाकायचे जोड-प्रोग्राम) काढून परत टाक. वेलँड सोड, झॉर्गवर जा (दोन्ही लिनक्समध्ये पडदा सांभाळणारे). उबंटूच सोड, मिंट टाक. एकानं तर नवीन माऊस घ्यायला सांगितलं, तोच माऊस बाहेर विंडोजमध्ये झकास चालत असताना! क्लासमधून उत्तर आलं, "तुमच्या लॅपटॉपचा प्रॉब्लेम असेल." संपला विषय.

तुम्हाला फोन लावला तेव्हा मला वाटलं होतं तुम्ही म्हणाल स्क्रीन शेअर कर, बघतो. तुम्ही पुण्यात एवढे सर्व्हर सांभाळता, तुमचं पाच मिनिटांचं काम. पण तुम्ही ते केलंच नाही. म्हणालात, "मला नको दाखवू, काय दिसूलालंय ते तू सांग बे." तेव्हा थोडा राग आला होता, आता सांगायला हरकत नाही.

पहिला प्रश्न तुमचा, व्हर्च्युअलबॉक्सच्या इनपुट मेनूतून माऊस इंटिग्रेशन (बाहेरचा पॉइंटर तसाच आत फिरवणारी सोय) बंद कर, मग सांग. बंद केलं आणि पॉइंटर जो आत्तापर्यंत हलत होता तो पण मेला, ठार जागेवर. मी घाबरलो, अजून बिघडलं म्हणून, आणि तुम्ही तिकडून हसताय, "सापडलं. उजवा कंट्रोल दाब, बाहेर ये." मला काही कळेना की बंद पडण्यात सापडलं काय.

मग तुम्ही समजावलंत ते मी वहीत लिहून घेतलंय. व्हर्च्युअलबॉक्समध्ये इंटिग्रेशन चालू असताना पॉइंटर कुठं आहे ही माहिती एका वाटेनं येते, व्हीबॉक्सगेस्ट नावाच्या ड्रायव्हरमधून (ड्रायव्हर म्हणजे हार्डवेअरशी बोलणारा प्रोग्राम), तो थेट पडद्यावरची जागाच सांगतो. पण बटणं आणि चाक येतात दुसऱ्या वाटेनं, मशीनमध्ये जो खोटा पीएस/टू माऊस बसवलेला असतो त्याच्यातून. तुमच्या भाषेत, ताणा (उभा धागा) वेगळा आणि बाणा (आडवा धागा) वेगळा, एक तुटला की कापड होत नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या वस्तीतल्या माणसाला दुसरं काय सुचणार म्हणा! इंटिग्रेशन बंद केलं की हलणं पण त्या पीएस/टूवरच येऊन पडतं, तो बिचारा फक्त "इतकं उजवीकडं सरकलो, इतकं वर सरकलो" एवढंच सांगू शकतो, म्हणून तर मशीन पॉइंटर पकडून ठेवतं आणि उजव्या कंट्रोलनं सोडवावा लागतो. आणि माझ्याकडं तेव्हा काहीच हललं नाही, म्हणजे पीएस/टूची वाटच बंद. बाकी कशाला हात लावायचं कारणच नाही.

(पीएस/टू म्हणजे आयबीएमची 1987 ची कॉम्प्युटरची मालिका, ते गोल जांभळं-हिरवं पोर्ट त्या नावानं ओळखतात. नवीन लॅपटॉपवर ते भोक कधीच गेलं, पण व्हर्च्युअल मशीनमध्ये अजून नांदतंय. मला हे लई भारी वाटलं.)

मधेच आमच्याकडं नळाला पाणी आलं. सोलापूरकरांना सांगायला नको, पाणी आलं म्हणजे बाकी सगळं बंद, परत कधी येईल त्याचा नेम नाही. मी म्हटलं अण्णा थांबतो फोनवर, तर तुम्हीच ओरडलात, "आधी हौद भर, लिनक्स कुठं पळून जातंय." आणि खरंच पाऊण तासानं परत फोन तुमचाच आला.

पुढचं सगळं कीबोर्डवर. कंट्रोल-ऑल्ट-टीनं टर्मिनल उघडलं. प्रॉकमधली (लिनक्स स्वतःची चालू माहिती दाखवतं ते फोल्डर) इनपुट डिव्हायसेसची यादी काढायला लावलीत, तिच्यात कीबोर्ड होता, पॉवर बटण होतं, व्हर्च्युअलबॉक्स माऊस इंटिग्रेशन होतं, पण जेनेरिक एक्सप्लोरर माऊस म्हणून जो दिसायला पाहिजे तो नव्हता. मग डीमेसेजमध्ये (कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे मेसेज) आय-8042 (कीबोर्ड आणि पीएस/टू माऊस सांभाळणारी चिप) शोधलं, तिथं दोन ओळी, एक कीबोर्ड पोर्टची आयआरक्यू 1 आणि एक ऑक्स, म्हणजे माऊसच्या पोर्टची आयआरक्यू 12 (आयआरक्यू म्हणजे डिव्हाइस प्रोसेसरला हाक मारतं त्या वाटेचा नंबर). म्हणजे पोर्ट आहे, त्याला धरणारं कुणी नाही. एलएसमॉडमध्ये (चढलेल्या ड्रायव्हरांची यादी) पीएसमाऊस, म्हणजे त्या माऊसचा ड्रायव्हर शोधला, रिकामं. तुम्ही म्हणालात सुडो मॉडप्रोब पीएसमाऊस मार (ड्रायव्हर हातानं चढवायची कमांड). मारलं, एंटर, काही मेसेज नाही, आणि मी सवयीनं फोल्डरवर क्लिक केलं तर उघडलं की ओ! घरात ओरडलो मी, आई आतून विचारती काय झालं.

दुसरा कुणी असता तर इथंच फोन ठेवला असता. तुम्ही म्हणालात, रीस्टार्ट केलास की परत जाईल, आधी कुणी अडवलंय ते शोध. ईटीसीमधल्या (सेटिंगच्या फाइलींचं फोल्डर) मॉडप्रोब डॉट डी फोल्डरमध्ये ग्रेप केलं, म्हणजे तो शब्द शोधला, आणि सापडली ती ओळ, ब्लॅकलिस्ट पीएसमाऊस. ब्लॅकलिस्ट असलं तरी हातानं मॉडप्रोब मारलं की ड्रायव्हर चढतो, फक्त आपोआप चढत नाही, हे पण मला तेव्हाच कळलं. तुम्ही म्हणालात, ओळ पुसू नको, तिच्या सुरुवातीला हॅश टाक म्हणजे ती लागू होत नाही, मग अपडेट-इनिटरॅमएफएस चालव, कारण त्या फाइलची कॉपी बूटच्या (मशीन सुरू होतानाच्या) इमेजमध्ये पण गेलेली असते, ती या कमांडनं नवी होते. आणि हे सगळं करायच्या आधी स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) घ्यायला लावलात, ती सवय आता लागली.

ती ओळ आली कुठून, याचा तुमचा अंदाज मला पटला. काही लॅपटॉपवर टचपॅड आय-स्क्वेअर-सी नावाच्या वेगळ्या वाटेवर असतो आणि पीएसमाऊस पण त्याच्यावर हक्क सांगायला जातो, दोघांच्या भांडणात टचपॅड अडखळतो, मग लोक पीएसमाऊस ब्लॅकलिस्ट करतात. लॅपटॉपवर ते चालून जातं. कुणीतरी स्वतःच्या लॅपटॉपवरची फाइल या तयार मशीनमध्ये तशीच उचलून टाकली असणार. मी क्लासमध्ये ओळ दाखवली, आधी जरा तोंड वाकडं केलं पण फाइल बदलली त्यांनी. नवीन बॅचच्या पोरांचं क्लिक चालतंय, त्यांना तुमचं नाव पण माहीत नाही.

शेवटी मी रीस्टार्ट केलं तेव्हा तुम्ही सांगितलेलं अजून एक बघितलं, प्रॉकमधल्या इंटरप्ट्सची (त्याच आयआरक्यूच्या हाकांची) यादी वॉच (सतत ताजं दाखवणारी कमांड) लावून उघडी ठेवली आणि क्लिक केलं. 12 नंबरच्या ओळीतला आकडा वाढला. अजून एक क्लिक, अजून वाढला. वेड्यासारखा क्लिक करत बसलो होतो.

एक प्रगती रिपोर्ट पण देतो. आता त्याच मशीनमध्ये विंडोजमधून कॉपी-पेस्ट होत नाहीये. व्हीबॉक्सगेस्ट ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच 4.16 व्हर्जनपासून आहे हे तुम्हीच सांगितलेलं, त्यामुळं ड्रायव्हर नाही असं काही नाही, क्लिपबोर्डला वरचा प्रोग्राम वेगळा लागतो आणि तो या मशीनमध्ये टाकलेलाच नाही असा माझा संशय आहे. आज रात्री बघतो. नाही जमलं तरच फोन.

आईनं कडक भाकरी आणि शेंगा चटणी बांधून ठेवलीय. आमच्या ऑफिसातला एकजण शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला येतोय, त्याच्याकडं देतो, स्टेशनवर कोण घ्यायला येणार तेवढं कळवा. आणि चटणी तिखट आहे, वहिनींना आधीच सांगून ठेवा.

तुमचाच,
गल्लीतला धाकटा