देवाचं भय शिकवायचं तर नरकापासून सुरुवात करू नको

सदर, नागपूर

प्रिय सुहास,
सप्रेम जय ख्रिस्त.

दृढीकरणाच्या (मुलं स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करून मंडळीत येतात त्या विधीच्या) वर्गाला 'देवाचं भय' हा विषय तुझ्याकडे आला आणि पोट्ट्यांना न घाबरवता तो कसा शिकवायचा, असं तू विचारलंस. हा विषय बहुतेक वेळा बायबलमधल्या पहिल्या वचनाच्या निवडीतच बिघडतो. शिकवणारा मत्तय 10:28 उघडतो, आत्मा आणि शरीर दोन्हींचा नरकात नाश करू शकणाऱ्याला भ्या हे वाचतो आणि तिथेच पुस्तक मिटतो. पुढच्याच तीन वचनांत चिमण्या आहेत, डोक्यावरचे मोजलेले केस आहेत आणि 'भिऊ नका' आहे. 28 वाचायचं तर 31 पर्यंत वाच, नाहीतर उघडूच नको.

तू निर्गम 20:18-20 घे. सीनाय पर्वत धुमसतोय, शिंग वाजतंय, लोक लांब उभे राहून कापताहेत. त्यांचा पुढारी मोशे त्यांना म्हणतो, भिऊ नका. आणि त्याच दमात म्हणतो, देवाचं भय तुमच्यापुढे राहावं म्हणजे तुम्ही पाप करणार नाही. मुलं इथे अडकतील. अडकू दे, उत्तर घाईनं देऊ नको. फळ्यावर एकच प्रश्न लिही: हे भय मला देवाकडे नेतं की देवापासून लपवतं? मग उत्पत्ति 3:10 मधला झाडांआड लपलेला आदाम दाखव, मत्तय 25 मधला 'मी भ्यालो' म्हणत धन्याचा पैसा जमिनीत पुरणारा तिसरा चाकर दाखव. आणि त्यांच्या शेजारी स्तोत्र 130:4 ठेव. तिथे भय धरायचं कारण देवाजवळची क्षमा आहे, शिक्षा नव्हे. मोठी माणसं बसलेली असतील तर प्राचीन मंडळीतला बिशप ऑगस्टिन याचा दाखला सांग: दोन बायका नवऱ्याला भितात, एक तो घरी येईल म्हणून, दुसरी तो सोडून जाईल म्हणून.

सगळ्यात जास्त वेळ लेवीय 19:14 ला दे. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नको, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नको, आपल्या देवाचं भय बाळग. हे दोघेच का निवडले, ते मुलांनाच शोधू दे. बहिऱ्याला शिवी ऐकू येत नाही, आंधळ्याला दगड कोणी ठेवला ते दिसत नाही. म्हणजे पकडलं जायची भीती जिथे शून्य, नेमकं तिथे देवाचं भय आठवून दिलंय. हाच सूर 25 व्या अध्यायात आहे: 17 व्या वचनात एकमेकांना ठकवू नका, 36 मध्ये अडलेल्या भावाकडून व्याज घेऊ नको, 43 मध्ये राबणाऱ्यावर जुलूम करू नको, आणि तिन्हीकडे देवाचं भय जोडलेलं. कळमन्याच्या बाजारात पेटीच्या वरच्या थराला मोठी संत्री आणि खाली बारकी भरायची हे आपल्याकडच्या पोरांना सांगावं लागत नाही. विचार त्यांना, पेटी गावाबाहेर गेल्यावर कोण तक्रार करायला येणार? लेवीय 25:17 तिथे लगेच समजतं.

देवाला भिणारा माणूस बाकी सगळ्यांना कमी भितो, हेही दाखव. शिप्रा आणि पुवा या सुइणी देवाला भ्यायल्या, म्हणूनच इब्र्यांचे मुलगे जन्मताच मारायचा मिसरच्या राजाचा, फारोचा हुकूम त्यांनी मोडला आणि मुलगे वाचले (निर्गम 1:17). नहेम्या यहूदाचा सुभेदार होता. त्याच्या आधीचे सुभेदार लोकांकडून 40 शेकेल चांदी उकळत. देवाच्या भयामुळे मी तसं केलं नाही, असं तो स्वतः सांगतो (5:15). सरकारी नोकरीतल्या पालकांसमोर हे वचन जरूर वाच, जरा मजा येईल.

आता नेहमीचे घोळ. घरात आजारपण आलं की 'देवानं शिक्षा केली' म्हणणारा कोणीतरी निघतोच. त्याला योहान 9:3 दाखव: हा आंधळा जन्मला ते त्याच्या किंवा आईबापांच्या पापामुळे नव्हे, असं येशू तिथे म्हणतो. हनन्या आणि सप्पीरा या नवराबायकोनं जमीन विकून थोडा पैसा लपवला, सगळा दिल्याचं भासवलं आणि दोघं जागीच मेली, ही गोष्ट दानपेटी भरायला वापरू देऊ नको. जमीन तुझीच होती, पैसाही तुझ्याच हातात होता, असं प्रेषित पेत्र हनन्याला प्रेषितांची कृत्ये (प्रे. कृत्ये) 5:4 मध्ये स्पष्ट म्हणतो. पाप खोटेपणाचं होतं, कमी देण्याचं नव्हे. तिसरा घोळ नाजूक आहे. एखादं मूल तेच पाप पुन्हापुन्हा कबूल करत राहतं, प्रार्थना चुकली म्हणून पहिल्यापासून सुरू करतं. येशूसंघाचा (जेझुइट) संस्थापक लोयोलाचा इग्नेशियसही स्पेनमधल्या मान्रेसात याच फेऱ्यात सापडला होता. अशा मुलाला आणखी भयाची वचनं देऊ नको. एकदा कबूल केलेलं पाप परत उकरायचं नाही आणि एकाच पाळकाचं ऐकायचं, एवढं सांग. झोप आणि जेवण बिघडलं असेल तर आईवडिलांशी बोलून मनोविकारतज्ज्ञाकडे पाठव. त्यात विश्वासाला काही कमीपणा नाही.

'पूर्ण प्रीती भय घालवते' हे 1 योहान 4:18 कोणीतरी काढेलच. ते खरंच आहे, पण त्याच वचनात शिक्षेचा उल्लेख आहे आणि आदल्या वचनात न्यायाचा दिवस. जातं ते शिक्षेचं भय. येशूच्या पुनरुत्थानानंतरची मंडळीही प्रभूच्या भयात चालत होती (प्रे. कृत्ये 9:31). धर्मसुधारक मार्टिन लूथरनं 1529 च्या लहान प्रश्नोत्तरीत दहा आज्ञांचे अर्थ सांगताना भय आणि प्रीती जोडीनंच ठेवली, ते मला पटतं.

गृहपाठ स्तोत्र 34:11-14 चा दे. 'या मुलांनो, मी तुम्हाला परमेश्वराचं भय शिकवतो' म्हणून दाविद सुरुवात करतो आणि पहिलाच धडा जिभेचा देतो. पहिला आठवडा फक्त जीभ: खोटं आणि चुगली, बस. दुसऱ्या आठवड्यात 14 वं वचन, ज्याच्याशी भांडण आहे त्याच्याकडे आपण होऊन जायचं. दोन्ही एकदम दिलंस तर एकही होणार नाही. आणि वर्ग मे महिन्यात असेल तर सकाळी सातलाच बसव. नऊनंतर सगळ्यांचं लक्ष कुलरकडे.

वहिनींना सलाम सांग.

तुझा,
प्रकाश