केशवरावच्या दारात थांबलेले बाबा

न्यू जर्सी,
रविवार, रात्री उशिरा

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, मागच्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत, "नातीचं ते नाटकातलं सुतारकाम चालूच आहे काय अजून? त्याचं कॉलेजला काही होतं का?" मी उत्तर टाळलं आणि फोन आईकडे द्यायला सांगितला. तुम्हाला वाईट वाटलं असणार. पण हाच प्रश्न मी सहा महिने त्या पोरीला विचारत होते, आणि त्यापायी काय झालं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून हे पत्र. आई, बाबांना चष्मा लावूनच वाचू दे, नाहीतर अर्धं गाळतील.

आधी इथली रीत सांगते. आमच्या वेळी इंजिनिअरिंगला बारावीचे फिजिक्स, केमिस्ट्री, गणिताचे गुण मोजायचे, यादी लागायची, विषय संपला. आता तिकडे सीईटी आहे, पण हिशोब आकड्यांचाच. इथं हजारावर कॉलेजांचा मिळून एकच फॉर्म असतो, त्याला कॉमन ॲप म्हणतात. तो दर वर्षी १ ऑगस्टला उघडतो. मार्क, निबंध, शिक्षकांची पत्रं हे सगळं असतंच. शिवाय अभ्यास सोडून चार वर्षांत काय केलंस, यासाठी १० रकाने. प्रत्येक कामाचं वर्णन १५० अक्षरांत बसवायचं, आणि त्यापुढं आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे, तेही लिहायचं. आई, त्यात घरची जबाबदारी असासुद्धा एक प्रकार आहे. आठवीत असताना दोन्ही मामांना आंघोळ घालून, जेवू घालून मग तू शाळेत पळायचीस, ते इथं एका रकान्यात मांडता आलं असतं. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा तूच आठवलीस.

पण १० रकाने रिकामे दिसले की आईबापांचा जीव खालीवर होतो. आमचाही झाला. ओळखीतले सगळे जात होते म्हणून आम्हीही एका सल्लागाराकडे पैसे भरून गेलो. नातीची यादी एवढीशीच होती: तीन वर्षं शाळेच्या नाटकाचं पडद्यामागचं काम. सेट ठोकणं, रंगवणं, दिवे चढवणं, प्रयोगाच्या वेळी लाइट बोर्डवर बसणं. ते गृहस्थ म्हणाले, यात पद नाही, बक्षीस नाही, वाचणाऱ्याला काही दिसत नाही. एखादी संस्था काढा. अध्यक्ष म्हणून नाव येईल. आणि वर म्हणाले, पॅशन दिसली पाहिजे.

तो शब्द मला तेव्हा खटकायला हवा होता. आवड असते किंवा नसते. ती दिसली पाहिजे म्हटलं की ती बघणाऱ्यासाठी होते, पोराची राहत नाही. पण मी मान डोलावली. सप्टेंबरमध्ये तिला सांगितलं, ते पडद्यामागचं काम, तो क्रू, सोड, तेवढ्या वेळात जुनी पुस्तकं गोळा करायची संस्था सुरू करू. ती भांडली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं तो पिवळ्या मुठीचा टेस्टर आणून ओट्यावर ठेवला आणि दप्तर घेऊन खाली गेली.

बाबा, तो टेस्टर तुमचाच. माझं बारावीचं वर्ष आठवा. १९९५चा नोव्हेंबर, राज्य नाट्य स्पर्धा, कोल्हापूरच्या केशवराव नाट्यगृहात रोज रात्री तालीम. सगळा गोतावळा तुम्हाला बोलत होता. आत्या तर दारात उभी राहून म्हणाली होती, "बारावीची पोर, आणि रात्री नाटकात? डोकं फिरलंय का तुझं?" तुम्ही तिला चहा पाजून वाटेला लावलंत, आणि साडेदहाला एम-८० गाडी घेऊन खासबागेच्या बाजूला येऊन थांबलात. कानटोपी घालून. मी आत डिमरवर, दिवे कमीजास्त करायला, असायचे. दिव्यांवर लावायच्या लाल-निळ्या जिलेटिनचे तुकडे कापून कापून बोटांना वास लागलेला, हॅलोजनवर पोळलेला अंगठा तोंडात धरलेला. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला पहाट व्हायची. निळा दिवा हळूहळू उतरवायचा आणि पिवळा चढवायचा, मनात एक ते चाळीस मोजत. पस्तिसाला संपलं तर ती पहाट खोटी वाटायची. सतराव्या वर्षी अंधारात बसून आपल्या दोन बोटांनी सकाळ करायची, यापेक्षा मोठं सुख मला तेव्हा माहीत नव्हतं.

परतताना गंगावेशीत कट्ट्यावर म्हैस उभी असली तर तुम्ही मला फेसाळ दुधाचा पेला द्यायचात. रस्ताभर बोलायचात ते दुसऱ्याच कशाबद्दल. बक्षीस मिळेल का, सर्टिफिकेट मिळतं का, हे एकदाही विचारलं नाहीत.

निकाल लागला तेव्हा पुण्याची यादी माझ्या वर दोन गुणांवर थांबली. मी सांगलीला गेले. ते दोन गुण नाटकापायी गेले का? गेलेही असतील. मी छातीठोकपणे नाही म्हणू शकत नाही. त्या दिवशी मी टेस्टर माळ्यावर फेकला होता. संध्याकाळी तो माझ्या टेबलाच्या खणात परत आला होता, पुसून. घरात कुणी "नाटकामुळे" हा शब्द तेव्हा काढला नाही, नंतरही कधी नाही. आई, तूसुद्धा नाहीस, आणि तुला तर पुण्याची किती हौस होती.

त्या दिव्यांमुळे मी इंजिनिअर झाले असं लिहायला बरं वाटलं असतं. ते खरं नाही. नोकरीत मला त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. कुणी मोजत नव्हतं, कुठल्या रकान्यात बसत नव्हतं, म्हणूनच ते इतकी वर्षं माझं राहिलं असं आता वाटतं. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री केशवराव जळालं तेव्हा दादानं व्हिडिओ पाठवला. दुसऱ्या दिवशी संगीत नट केशवराव भोसल्यांची जयंती, आणि १९१५ साली शाहू महाराजांनी उभं केलेलं ते रंगमंदिर कोळसा होऊन पडलेलं. मी तुम्हाला फोन केला. तुम्ही नुसतं "गेलं गं" म्हणालात आणि मग दोघंही कितीतरी वेळ गप्प होतो. तेव्हा माझी लेक समोर बसली होती. तिनं विचारलं, तू तिथं काय करायचीस? त्या रात्री मी तिला पहिल्यांदा चाळीस आकड्यांची पहाट सांगितली.

आणि वर्षभरात तिच्याच हातातलं काम मी काढून घेतलं.

संस्था निघाली. वेबसाइट झाली, फोटो झाले, गॅरेजमध्ये पुस्तकांचे नऊ खोके साठले. पोर सगळं नीट करत होती, सांगितल्याबरहुकूम. एकदा खोके उचलताना म्हणाली, "आई, ही पुस्तकं कुणी मागितलीयत का?" कुणीच मागितली नव्हती.

मार्चमध्ये शाळेचा मोठा संगीत प्रयोग होता. तिच्या मैत्रिणी क्रूमध्ये होत्या म्हणून आम्ही बघायला गेलो. ती माझ्या शेजारी बसली होती. पहिल्या अंकाच्या शेवटी गाणं थांबलं आणि ब्लॅकआउट यायला जरा उशीर झाला. नट हात वर करून तसेच उभे राहिले. त्याच्या आधीच, बरोबर जागेवर, माझ्या लेकीचा अंगठा तिच्या गुडघ्यावर दाबला गेला होता. मग माझं लक्ष स्टेजकडे राहिलंच नाही. दुसरा अंकभर तिची बोटं गुडघ्यावर चालत होती. उतरव, थांब, चढव. प्रत्येक दिवा तिला पाठ होता, आणि ती प्रेक्षकांत बसली होती कारण मी बसवलं होतं.

घरी येऊन मी तिची माफी मागितली. तिला रडू आलं, मलाही आलं.

२०१९मध्ये इथं मोठा खटला गाजला होता. पैसेवाल्या आईबापांनी, त्यात एक नटीही होती, मुलं कधी न खेळलेल्या खेळातली खेळाडू आहेत असं दाखवून नावाजलेल्या कॉलेजांत प्रवेश मिळवला होता. काहीजण तुरुंगात गेले. तेव्हा जेवताना आम्ही म्हणालो होतो, कसली माणसं ही! त्यांनी कागदावर खोटं लिहिलं. मी काही खोटं लिहिलं नाही. कागदावर चांगलं दिसावं म्हणून पोरीचं खरं होतं ते बाजूला ठेवायला लावलं. मला यातलं कुठलं जास्त वाईट ते ठरवता येत नाही.

आता ती परत क्रूमध्ये आहे. इथल्या एमआयटी विद्यापीठाचा फॉर्म वेगळा असतो, ते तर चारच गोष्टी विचारतात. दहा भरल्याच पाहिजेत असं कुठंच लिहिलेलं नाही. ती तिचं काम १५० अक्षरांत लिहील. वाचणाऱ्याला दिसलं तर दिसलं. तिला हवं ते कॉलेज नाही मिळालं तर मी दोन दिवस झोपणार नाही, हे मला माहीत आहे. पण "क्रूमुळे" हा शब्द या घरात निघणार नाही, एवढं मी ठरवलंय. हे मी तुमच्याकडूनच शिकले.

म्हणून एक बोलायचं धाडस करते, रागावू नका. दादा सांगत होता, त्याच्या धाकट्याला तुम्ही इंटरमीजिएटच्या चित्रकला परीक्षेला बसवलंय, आणि रोज संध्याकाळी स्थिरचित्र काढायला समोर बसवता. अ श्रेणी मिळाली की दहावीला सात गुण वाढतात, हे मला ठाऊक आहे, आणि एका गुणावर अकरावीची यादी थांबते हेही. पण पोराला ब्रश धरवत नाही बाबा. त्याचा जीव पेठेच्या ग्राउंडवर आहे. फोनवर मी अभ्यास विचारला की तो पाटाकडील तालमीच्या फुटबॉल मॅचचं सांगतो, कोण कुठून सुटला, गोली कसा चुकला. शाहू स्टेडियमला तुम्ही स्वतः भर उन्हात पायरीवर बसून मॅचेस बघितल्यात. माझ्यासाठी थंडीत उभे राहिलात, तसं एकदा त्याच्या ग्राउंडच्या कडेला जाऊन थांबा. गुणांचं काही विचारू नका. येताना कट्ट्यावर दूध पाजा. बाकी त्याचं तो आणि दादा बघतील.

नात जुलैमध्ये तीन आठवडे येते आहे. या दिवसांत इथली मुलं पैसे भरून मोठ्या कॉलेजांच्या उन्हाळी कोर्सना जातात. तिनं स्वतःहून कोल्हापूर म्हटलं. पावसाचे दिवस असतील. राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या पुढं गेली तर मात्र तिला नदीकडं नेऊ नका, ती हट्ट करेल. केशवरावचं काम कुठवर आलंय ते तिला दाखवा. आत सोडत नसतील तर तुम्ही एम-८० लावून थांबायचात ती जागा तरी दाखवा. आई, पांढरा रस्सा तिला चालतो, तांबडा बेतानंच वाढ.

बाबा, बीपीची गोळी सकाळचीच घ्या, रात्रीवर ढकलू नका. आणि देवघरातला दिवा महिनाभर लुकलुकतोय म्हणालात, त्यासाठी वायरमनला बोलावू नका. सामानाच्या बॅगेत टेस्टर टाकलाय तिनं. ती आली की स्टुलावर चढून ती बघेल, तुम्ही खाली स्टूल धरा.

तुमची,
धाकटी