रेडिओ स्टेशनांवरची गाणी कधी बदलली, हे लिहून कोण ठेवणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी १३ फेब्रुवारीला जागतिक रेडिओ दिन येतो आणि सगळ्या पेपरांत रेडिओवर लेख येतात, मी ते अगदी आवडीने वाचतो. पण त्यात रेडिओ म्हणजे आकाशवाणी, विविध भारती, अमीन सयानी, गीत रामायण एवढंच असतं, त्याच्या पुढे कुणी जातच नाही. त्यांच्याबद्दल लिहायलाच पाहिजे, त्यात वादच नाही. पण २००२ मध्ये मुंबईत खासगी एफएम स्टेशनं आली त्याला आता वीस वर्षं उलटून गेली, एक अख्खी पिढी त्यावर वाढली, आणि त्या स्टेशनांवर तेव्हा नेमकं काय वाजायचं, ते कधी बदललं, का बदललं हे आज शोधायला गेलं तर धड काही सापडत नाही. म्हणून हे पत्र.

उदाहरण म्हणून गो ९२.५ घ्या. २००२ मध्ये मिड-डे वाल्यांनी हे स्टेशन सुरू केलं तेव्हा त्यावर इंग्रजी गाणी भरपूर असायची आणि सकाळी जग्गू आणि तराना यांचा शो असायचा, ऑफिसला जाणारे कितीतरी लोक तो ऐकत ऐकत जायचे. पुढे त्याच स्टेशनचं रेडिओ वन झालं, नंबर ९४.३ झाला, हिंदी गाणी आली, आणि मग काही वर्षांनी ते पुन्हा पूर्ण इंग्रजी झालं. म्हणजे एकाच स्टेशनने इतकी वळणं घेतली. किंवा १०४.८ बघा, तिथे आधी म्याव होतं, बायकांसाठीचं, गप्पांवर भर असलेलं स्टेशन, तसा प्रयोग इथे आधी कुणी केला नव्हता. मग त्याचं ओये झालं आणि नंतर इश्क, आणि प्रत्येक वेळी नावाबरोबर गाणी पण बदलली. विन ९४.६ तर काही वर्षांतच बंद पडलं, ते आता कुणाला आठवत असेल तर नवल. ९२.७ वर २००६ मध्ये बिग एफएम आलं ते नवीन गाण्यांचं, नंतर ते जुन्या गाण्यांकडे वळलं आणि अन्नू कपूर यांचा सुहाना सफर तर घराघरात पोचला.

यातला प्रत्येक बदल ऐकणाऱ्याला कसा कळायचा माहितीये? सकाळी रेडिओ लावला की कळायचं. आदल्या रात्रीपर्यंत एक वाजत होतं, सकाळी दुसरंच काहीतरी, सवयीचा आवाज गायब, सवयीची गाणी गायब. नवीन नावाची होर्डिंग मोठमोठी लागायची पण जुनं काय होतं त्याबद्दल एक ओळ कुठे यायची नाही. दुकान बंद झालं तर निदान दारावर पाटी लावतात!

हे बदल स्टेशनवाल्यांच्या लहरीने झाले असं मात्र मी म्हणणार नाही. जरा मागे जाऊन बघितलं की कारणं दिसतात आणि ती बरीचशी दिल्लीतल्या नियमांत आहेत. खासगी एफएमची लायसन्स सरकारने टप्प्याटप्प्याने दिली, त्यातल्या पहिल्या टप्प्यात ती लिलावाने दिली आणि त्याची फी दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढत जाणार असा नियम होता, कमाई होवो न होवो. एका कंपनीला एका शहरात एकच स्टेशन. आता ज्याच्या डोक्यावर दरवर्षी वाढणारी फी आहे आणि हातात एकच स्टेशन आहे तो माणूस नाट्यसंगीत लावेल का? गझल लावेल का? तो तेच लावणार जे सगळ्यात जास्त लोकांना चालतं, म्हणजे नवीन हिंदी सिनेमाची गाणी, आणि बाजूचा पण तेच लावणार. म्हणून मुंबईत बटण फिरवलं की चार ठिकाणी तेच गाणं लागायचं, हे ज्यांनी ऐकलंय त्यांना वेगळं सांगायला नको. २००५ मध्ये दुसऱ्या टप्प्याचं धोरण आलं, त्यात एकदाच मोठी रक्कम भरायची आणि मग दरवर्षी मुख्यतः उत्पन्नाच्या ४ टक्के असं झालं, त्याने स्टेशनं जगली, वाढली, छोट्या शहरांतही गेली. स्टेशनांच्या नंबरांमधलं अंतर पण ठरवून दिलं, ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३ ही वजाबाकी करून बघा, प्रत्येक वेळी ०.८ येतं, त्यामुळेच ९२.५ ला ९४.३ वर जावं लागलं. पण एका शहरात एक कंपनी एक स्टेशन हा नियम काही बदलला नाही, त्यामुळे गाणी बरीचशी तीच राहिली.

मग तिसऱ्या टप्प्याचं धोरण आलं २०११ मध्ये, लिलाव झाले २०१५ मध्ये, आणि त्यात पहिल्यांदा एका कंपनीला मोठ्या शहरात एकापेक्षा जास्त स्टेशनं घ्यायची परवानगी मिळाली. लगेच फरक दिसला. एका स्टेशनवर नवीन हिट गाणी चालू असतील तर दुसऱ्यावर जुनी लावायला हरकत नाही, स्वतःचाच श्रोता स्वतःकडे राहतो. २०१६ मध्ये ९१.९ वर रेडिओ नशा आलं ते असंच, जुन्या गाण्यांचं. म्हणजे नियमातली एक ओळ बदलली आणि मुंबईच्या हवेतली गाणी बदलली. मला वाटतं आपल्या शहराच्या सांस्कृतिक इतिहासातली ही मोठी गोष्ट आहे आणि ती कुणीतरी नीट, तारखांसकट मांडायला हवी.

दुसरं एक कारण म्हणजे मोजणी. २००७ मध्ये रॅम नावाची श्रोते मोजायची पद्धत आली, मुंबईसारख्या काही मोठ्या शहरांत निवडक घरांत डायरी द्यायचे, कुठलं स्टेशन किती वेळ ऐकलं ते लोकांनी त्यात लिहायचं. त्या आकड्यांवर जाहिराती मिळायच्या, त्यामुळे आकडा पडला की स्टेशनात धावपळ. त्यातच गाणी निवडायचं काम कॉम्प्युटरवर गेलं, लोकांना गाण्याचा काही सेकंदांचा तुकडा ऐकवून आवडतं का विचारायचं, ज्याला हो जास्त ते गाणं दिवसातून कितीतरी वेळा, आणि अख्खं स्टेशन काहीशे गाण्यांवर चालवायचं. हे जगभर असंच चालतं, त्यात गुन्हा काही नाही, पण त्यामुळे रात्री उशिरा स्वतःच्या आवडीने गाणी लावणारा आरजे संपला हे खरं आहे, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. मराठी गाण्यांचं तर विचारूच नका. मुंबईतल्या खासगी स्टेशनांवर सुरुवातीला मराठी गाणं म्हणजे सणासुदीला. मराठी ऐकायचं तर आकाशवाणीची अस्मिता वाहिनी. कोल्हापूरला टोमॅटो एफएम आलं, विदर्भ-खानदेशात वेगळी स्टेशनं आली, तिथे मराठीचं प्रमाण काय होतं आणि कसं बदललं हा पण शोधायचा विषय आहे.

आता आकाशवाणीचं बघा. केसकर माहिती व प्रसारण मंत्री असताना सिनेसंगीत कमी केलं, लोक श्रीलंकेच्या रेडिओ सिलोनकडे वळले, १९५२ मध्ये तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली, मग ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली, १९६७ मध्ये मुंबई-पुणे-नागपूरहून जाहिराती सुरू झाल्या, १९८९ मध्ये गीतमालाच विविध भारतीवर आली. हे सगळं आज कुणालाही तारखेसकट सांगता येतं. सिलोनवर सकाळी जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमात शेवटचं गाणं सैगलचं असायचं हे पण माहीत आहे. भूले बिसरे गीत, छायागीत, आपली आवड, वनिता मंडळ, कामगारांसाठी, सगळं लोकांच्या लक्षात आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं इतकं ठाऊक आणि पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं काहीच नाही, असं कसं झालं?

मला याचं उत्तर तुमच्याच धंद्यात दिसतं. पूर्वी पेपरात रोज आकाशवाणीचे कार्यक्रम छापून यायचे, सकाळी इतक्या वाजता भक्तिगीतं, मग नाट्यसंगीत, कोण गाणार, तबल्यावर कोण, सगळं. आमच्या घरात आधी ते सदर वाचलं जायचं आणि मग बाकीचा पेपर. म्हणजे पेपरच्या फायली म्हणजे रेडिओची वहीच झाली. गीत रामायणाचंच घ्या, १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं, आठवड्याला एक अशी ५६ गाणी, आणि पुण्यातले पेपर तेव्हा नवीन गाण्याचे शब्द छापायचे. खासगी एफएम आल्यावर मात्र हे बंद झालं, त्या स्टेशनांचं वेळापत्रक पेपरात कधी आलंच नाही, फक्त जाहिराती आल्या. नोंद तिथे तुटली. त्याच्या आधी १९९३ पासून आकाशवाणीच्या एफएमवर टाइम्स एफएम आणि रेडिओ मिड-डे असे खासगी कंपन्यांचे तास असायचे, ते १९९८ मध्ये संपले, त्यांच्याबद्दल पण असंच, आठवणी आहेत पण कागद नाही.

कागद कुठेच नाही असंही नाही. स्टेशनाला प्रत्येक गाण्याची रॉयल्टी द्यावी लागते, त्यासाठी कुठलं गाणं कधी वाजलं याचा हिशोब ठेवावाच लागतो. रॉयल्टीवरून म्युझिक कंपन्या आणि स्टेशनं यांच्यात कितीतरी वर्षं भांडण चाललं, २०१० मध्ये कॉपीराइट बोर्डाने जाहिरातींच्या निव्वळ उत्पन्नाच्या २ टक्के असा निकाल दिला. म्हणजे ज्या याद्यांवर पैसे ठरायचे त्या याद्या कुठल्यातरी हार्ड डिस्कवर असतील, कुठल्यातरी कपाटात असतील, पण कंपनी विकली गेली, ऑफिस हललं, माणसं गेली की त्या जातात. नियमांचं म्हणाल तर कम्युनिटी रेडिओला, म्हणजे कॉलेजं-संस्था चालवतात त्या छोट्या स्टेशनांना, प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग ३ महिने जपायची अट आहे, ती तक्रार आली तर ऐकता यावं म्हणून, तीन महिन्यांनंतर पुसलं तरी विचारणारं कुणी नाही.

म्हणून माझं तुमच्याकडे एक मागणं आहे आणि ते अगदी करता येण्यासारखं आहे. आठवड्यातून एकदा, अगदी चार इंचाची जागा द्या, रोज नको. एक स्टेशन घ्यायचं, ते कधी सुरू झालं, कुठली गाणी लावायचं, सकाळी कोण रात्री कोण, कधी बदललं, नवीन काय आलं. वाचकांकडून मागवा, तिथे काम केलेल्या लोकांकडून मागवा, दोन वाचकांचं जुळलं नाही तर दोघांचं छापा. स्टेशनवाल्यांना पण सांगा की सुरुवातीच्या दिवसांची रेकॉर्डिंग, जिंगल, गाण्यांच्या याद्या पुसू नका, स्वतःला नको असतील तर एखाद्या विद्यापीठाला द्या. पुणे विद्यापीठाचं स्वतःचं विद्यावाणी स्टेशन आहे, मास मीडियाचे विद्यार्थी दरवर्षी प्रोजेक्टसाठी विषय शोधत असतात, त्यांना यापेक्षा चांगला विषय कुठला मिळणार? आणि यापुढे जे स्टेशन गाण्याचा प्रकार बदलेल त्याने निदान आठवडाभर आधी हवेत सांगावं आणि शेवटच्या दिवशी जुन्या आरजेला श्रोत्यांचा निरोप घेऊ द्यावा. ज्यांनी रोज तीन-चार तास तुम्हाला घरात घेतलं त्यांचा एवढा हक्क आहेच.

आणि वाचकांना एक विनंती. ज्यांच्याकडे टू-इन-वनवर, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट प्लेयर एकत्र असलेल्या यंत्रावर, एफएमवरून भरलेल्या कॅसेट असतील त्यांनी त्या टाकू नका. आपण तेव्हा गाण्यांसाठी भरल्या, गाणी तर आता मोबाईलवर पण मिळतात, पण त्या गाण्यांच्या मध्ये आरजेचं जे अर्धवट बोलणं आलंय, जी जाहिरात चुकून भरली गेलीये, स्टेशनची जिंगल आहे, ते दुसरीकडे कुठेच मिळणार नाही. टेप खराब व्हायच्या आत कॉम्प्युटरवर घ्या, जमत नसेल तर घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांना सांगा. माझ्याकडच्या मी द्यायला तयार आहे. कॅसेटवर तारीख लिहिलेली नसली तरी अडत नाही, मधल्या जाहिरातीत कुठल्या सिनेमाचं नाव आहे, आरजे कुठल्या क्रिकेट मॅचबद्दल बोलतोय, यावरून वर्ष आणि बहुतेक वेळा महिना पण काढता येतो.

– एक श्रोता, मुंबई