लीन इंजिन आणि सेन्सरला शिक्षा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुन्या पेट्रोल पिकअपचा चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी ०१७१ हा कोड दिसला, की एक्झॉस्टमध्ये उरलेला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर बदलून मोकळे व्हायची पद्धत पडली आहे. कोड पुसला जातो, गाडी घरी जाते आणि चार दिवसांत दिवा पुन्हा हजर. कोड एवढेच सांगतो की पहिल्या बँकेत (सिलिंडरच्या एका रांगेत) पेट्रोलच्या मानाने हवा जास्त, म्हणजे मिश्रण लीन आहे. १ किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा लागते. हा हिशेब बिघडल्याचे सेन्सरने इमानाने कळवले, म्हणून शिक्षाही त्यालाच!

खरे उत्तर त्याच स्कॅनरवर असते, पण कोड वाचून झाला की तो बाजूला ठेवला जातो. इंजिन गरम करून लाँग टर्म आणि शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम (इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो ते आकडे) पाहावेत, आधी आयडलिंगला आणि मग २५०० आरपीएमला. आयडलिंगला दोन्हींची बेरीज +२५ आणि रेस दिल्यावर +५ असेल, तर इंजिन कुठून तरी चोरून हवा घेत आहे. आयडलिंगला इंजिनची स्वतःची हवा थोडी आणि व्हॅक्यूम जोरदार, त्यामुळे बारीक फटही भारी पडते. थ्रॉटल उघडला की तीच फट नगण्य ठरते. उलट आयडलिंगला ट्रिम ठीक आणि लोडवर चढत असेल, तर पेट्रोल कमी पडते आहे किंवा एअर फ्लो सेन्सर हवा कमी मोजतो आहे. मात्र ज्या इंजिनात एअर फ्लो सेन्सर नसून मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो, तिथे हवेची गळती बहुधा लीन कोडऐवजी चढलेल्या आयडलिंगच्या रूपात दिसते.

जुन्या गाडीत हवेची गळती बहुतेक वेळा रबरात असते. क्रँककेसमधले वायू इन्टेकमध्ये सोडणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हची कोपऱ्यात वळलेली नळी वरून धडधाकट दिसते. उलटी करून वाकवली की वळणाच्या पोटात नखाएवढी चीर तोंड उघडते. शिवाय ब्रेक बूस्टरची होज, इन्टेक मॅनिफोल्डचे पॅकिंग, इंजेक्टरच्या ओ-रिंग. कार्ब क्लीनरचा बारीक फवारा एकेका जागी मारावा आणि दोन सेकंद थांबावे. फटीवर पडला की आरपीएम बदलतो, शॉर्ट टर्म ट्रिम खाली येतो. हा फवारा पेट घेतो, म्हणून तापलेला एक्झॉस्ट आणि प्लगच्या वायरी टाळाव्यात. स्मोक मशीन मिळाले तर उत्तमच.

गळती नसेल तर पेट्रोलचा दाब पाहायला प्रेशर गेज लावावे. अशा इंजेक्शन इंजिनांत दाब साधारण २.५ ते ४ बार असतो. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधलाच धरावा. दाब आयडलिंगला बरोबर आणि लोडवर घसरत असेल, तर फिल्टर तुंबला आहे किंवा पंप थकला आहे. दाब पक्का असेल तर एअर फ्लो सेन्सर त्याच्याच क्लीनरने धुवावा. त्यातल्या बारीक तारेला बोट किंवा कापूस लावू नये.

कधी मिश्रण ठीक असूनही सेन्सर फसतो. त्याच्या आधी एक्झॉस्टला भेग असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते; सिलिंडरमध्ये मिश्रण नीट पेटले नाही, म्हणजे मिसिंग झाले, तरीही न वापरलेला ऑक्सिजन तिथे पोहोचतो. मग ईसीयू उगाच पेट्रोल वाढवतो. प्लग काढून पाहावेत: कोड लीनचा आणि प्लग काजळीने काळे, तर शोध एक्झॉस्ट आणि इग्निशनकडे वळवावा.

कार्ब्युरेटरवाल्या पिकअपची परीक्षा सोपी. गरम इंजिनवर हवा कमी करणारा चोक थोडा ओढला आणि लडखडणे थांबले, की मिश्रण लीन. कार्ब्युरेटरच्या बैठकीचे नट, खालचे पॅकिंग आणि झिजलेला थ्रॉटल शाफ्ट तपासावा. पेट्रोल मापून सोडणारा जेट हवेने फुंकावा, तार घालू नये. भोक केसभर मोठे झाले तरी माप गेले. मिक्शर स्क्रू उघडून गळती झाकणे हा तर शुद्ध आळस आहे, कारण तो स्क्रू मुख्यतः आयडलिंगपुरताच चालतो; चढावर इन्टेकमधून फटाके वाजायचे ते वाजतातच.

काम झाल्यावर ईसीयूमधले जुने ट्रिम पुसून गाडी मोकळी आणि भरलेली अशी दोन्ही प्रकारे फिरवावी आणि लाँग टर्म ±१० च्या आत येतो का पाहावे. तोवर जड माल भरून चढाला नेऊ नये. लीन इंजिन लोडवर नॉकिंग करते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळला की नळीच्या कामाचे हेड उतरवायचे काम होते.

आपले,
वाहनदुरुस्तीच्या धंद्यातले काही वाचक