पाणंदींवर सायकल : फलकावर रस्त्याची जात लिहा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पाऊस उघडला की कोल्हापूरचे सायकलवाले शहराबाहेर पडतात आणि बहुतेकांची वाट ठरलेली असते : शिवाजी पूल, रत्नागिरी रस्ता, वाघबीळ, पन्हाळा. रविवारी सकाळी त्याच घाटात झुणका-भाकरीला निघालेल्या मोटारी असतात. नवख्या माणसाची याहून वाईट सुरुवात शोधून सापडणार नाही. जिल्ह्यात पाणंदी (शेताशिवारातल्या कच्च्या वाटा), कालव्याकडेचे सेवारस्ते, गाडीवाटा आणि जांभ्याची पठारे एवढी आहेत की जाड टायरच्या सायकलीला, म्हणजे ज्याला हल्ली ग्रॅव्हल बाईक म्हणतात तिला, डांबराची गरजच पडू नये. त्यासाठी नवे ट्रॅक बांधायला नकोत. आहेत त्या वाटांची प्रतवारी करून फलक लावावेत, एवढीच आमची मागणी आहे. मात्र ती प्रतवारी किलोमीटरवर होऊ नये.

कालव्याकडेचा २५ किलोमीटरचा सपाट रस्ता दहा वर्षांचे मूल पार करते. काळ्या मातीची चार किलोमीटरची पाणंद पावसानंतर तयार गड्यालाही सायकल खांद्यावर घ्यायला लावते. म्हणून फलकावर आधी पृष्ठभाग हवा (मुरूम, जांभा, काळी माती, सुटी खडी), मग सर्वांत तीव्र चढ टक्क्यांत, मग पाणी कुठे मिळते आणि अर्ध्यातून डांबरी रस्त्याला लागायचे तर कुठून. एकूण अंतर शेवटी. चढ मोजायला गवंड्याची लेव्हल आणि मीटरभर फळी पुरते. फळी आडवी धरून लेव्हल जुळवल्यावर खालच्या टोकाशी दहा सेंटिमीटर अंतर राहिले, तर चढ दहा टक्के. परदेशात सोप्या वाटेला हिरवे वर्तुळ, मध्यमला निळा चौकोन आणि अवघडला काळी शंकरपाळी अशी खूण असते. रंगासोबत आकारही असल्याने रंग न ओळखणाऱ्यालाही ती वाचता येते. तीच इथे चालेल.

हिरव्या खुणेसाठी सर्वांत योग्य म्हणजे कागल-राधानगरीकडचे दूधगंगेच्या कालव्यांचे सेवारस्ते. कालवा पाणी वाहण्यापुरताच उतार ठेवून डोंगराच्या कडेकडेने काढलेला असतो, त्यामुळे शेजारचा रस्ताही जवळपास सपाट राहतो. हाताने पेडल मारायच्या तीनचाकी सायकलींना, अंध व्यक्तीला मागे बसवून चालवायच्या जोडसायकलींना आणि गुडघे कुरकुरणाऱ्या मंडळींना हेच हवे. पण दोन गोष्टी आडव्या येतात. पहिली, मोटारी अडवायला ठोकलेले खांब. हाताच्या सायकली पाऊण मीटरहून रुंद असू शकतात आणि जोडसायकल अडीच मीटरच्या आसपास लांब असते, म्हणजे खांबांत किमान सव्वा मीटर अंतर हवे आणि खांब वळणावर नकोत. दुसरी, रस्त्याचा आडवा उतार. तो तीन टक्क्यांच्या वर गेला की तीनचाकी सतत एका बाजूला ओढते आणि चालवणाऱ्याचा एक खांदा भरून येतो. शिवाय ही सायकल बुटकी, उसाच्या आड दिसतच नाही. तिला दीड मीटर उंच काठीवर झेंडी लावायलाच हवी. मुलांना पाण्याच्या विरुद्ध बाजूला ठेवा, कारण काठाला कठडा नसतो.

नदीकाठ मध्यम प्रतीचा धरावा. आंबेवाडी, प्रयाग चिखली, वडणगे या पट्ट्यात चढ नाहीत, पण माती काळी. ओली झाली की ती टायरला थरावर थर चिकटते, चाक आणि फ्रेम यांच्या फटीत भरते आणि चाक जाम होते. त्यात जोर लावून पेडल मारले की मागचा डिरेल्युअर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) स्पोकमध्ये जातो आणि तो फ्रेमला जोडणारा हँगर तुटतो. हा छोटा धातूचा तुकडा प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, ऐनवेळी दुकानात मिळेल याची खात्री नाही. आपल्या सायकलीचा एक पिशवीत असू द्यावा. जोराच्या पावसानंतर काळ्या मातीला दोन-तीन दिवस कडक ऊन लागल्याशिवाय तिकडे वळू नये. मुरुमाला एवढी वाट पाहावी लागत नाही.

याच भागात नदी ओलांडायला कोल्हापूर पद्धतीचे बंधारे उपयोगी पडतात. वरची फरशी अरुंद असते आणि पुरात कठडे वाहून गेलेले असतात, तेव्हा उतरून सायकल हातात धरून चालावे. पावसाळ्यात बंधारे पाण्याखाली जातात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी सर्वांना पाठ आहे, पण त्याच्या कितीतरी आधीच फरशी बुडते. फलकावर हे ठळक लिहिले पाहिजे.

गळीत हंगामात पाणंदीचे स्वरूपच बदलते. पडलेल्या पाल्याखाली खड्डा दिसत नाही आणि दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर समोरून आला तर बाजूला व्हायला जागा नसते. ट्रॉलीची मागची चाके वळणावर आतल्या बाजूला कापत येतात, म्हणून वळणाच्या आत कधीही थांबू नये. वाट उसाच्या गाडीची आहे, सायकलवाला पाहुणा आहे, आपण उतरायचे.

काळी शंकरपाळी मसाई पठाराला. पन्हाळ्यावरून तुरुकवाडी, म्हाळुंगे मार्गे जाणारी ही वाट पावनखिंडीच्या मोहिमांमुळे परिचित आहे. शहरापासून पन्हाळ्यापर्यंतच सुमारे ४०० मीटर उंची चढावी लागते, त्यामुळे पठाराची मजा घ्यायची तर पन्हाळ्यापर्यंत सायकल गाडीवर टाकून नेण्यात कमीपणा नाही. वर सुटे दगड, खाचा आणि उघडा जांभा. कोरड्या जांभ्यावर टायर छान धरतो, शेवाळलेल्यावर अजिबात नाही. पुढचा ब्रेक दाबला की सायकल आडवी. पावसात धुके आले तर पायाखालची वाट दिसत नाही. दुकान नाही, म्हणून माणशी तीन लिटर पाणी. आणि एक कडक अट : मळलेली गाडीवाट सोडायची नाही. जांभ्यावर मातीचा थर बोटभरसुद्धा नसतो, त्यावरच सीतेची आसवे, सोनकी, गेंद उगवतात. ओल्यात गेलेल्या एका टायरची चाकोरी पुढे पाण्याचा ओहोळ होते. फुलांच्या दिवसांत, ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, पठारावर सायकली बंदच ठेवल्या तरी आमची हरकत नाही. दाजीपूरचा विषय वेगळा : ते अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथली कच्ची वाट कोणी यादीत घालू नये.

चढासाठी गिअरचा हिशेब सोपा आहे. पुढे ३८ दात्यांची आणि मागे २८ दात्यांची चकती असेल तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल २.९ मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग तासाला साडेदहा किलोमीटर. आठ टक्के चढावर एवढा दम सामान्य माणसाकडे नसतो. मागे ४२ दाते असतील तर तेच साठ फेरे साताच्या वेगाला पुरतात आणि लागणारी ताकद दोन तृतीयांशावर येते. कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बदलण्याआधी डिरेल्युअर ४२ दाते पेलतो का, हे विचारून घ्यावे.

नवख्यांची सर्वांत मोठी चूक मात्र हवेत होते. टायरच्या कडेला छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. ७० किलोचा स्वार, ४० मिलीमीटरचा टायर आणि आत ट्यूब असेल तर पुढे ३५ व मागे ४० पीएसआय पुरे. दोन इंची टायरला २५ ते ३०. जास्त भरली तर खडीवर चाक उड्या मारते. फार कमी भरली तर दगडावर रिम आपटून ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. एकच भोक असेल तर तो बाभळीचा काटा. तो टायरच्या आतून बोटाने चाचपून काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नये, नाहीतर शंभर मीटरवर पुन्हा बसाल. ट्यूबलेस असेल तर ४० मिलीमीटरच्या टायरला ६० मिलिलिटर सीलंट (बारीक भोके आपोआप बुजवणारे द्रव) घाला आणि उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी पाहा, ते वाळते. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह पंक्चरवाल्याच्या नळीला बसत नाही, त्यासाठीचा पितळी अडॅप्टर व्हॉल्व्हवरच फिरवून ठेवावा.

शेवटी रस्त्यांविषयी. पाणंद रस्त्यांना सरकारी योजनेतून पैसा मिळतो ही चांगली गोष्ट, पण पुष्कळ ठिकाणी ४० मिलीमीटरची खडी ओतून ठेकेदार निघून जातो. न दाबलेल्या खडीत सायकल रुतते, बैलाचे खूर दुखावतात, शेतकरी बांधावरून वाट काढतो आणि त्यावरून भांडणे होतात. मुरमाचा दीडशे मिलीमीटर थर, पाणी मारून आठ-दहा टनी रोलर, दोन्ही बाजूंना चार टक्के उतार आणि कडेला चर एवढे केले तर ट्रॅक्टर आणि सायकल दोघांनाही पाणंद चालते. (जिथे तीनचाकी जाणार तिथे उतार कमी ठेवून वरचेवर मुरूम ओढावा लागेल.) चर नसेल तर पहिल्याच पावसात पाणी चाकोरीतून वाहते आणि सगळा खर्च ओढ्याला जातो. सरसकट काँक्रीटचा आग्रह मात्र नको. इटलीत टस्कनीमध्ये १९९७ साली लेरोइका ही सायकलफेरी सुरू झाली, त्यामागे तिथले पांढरे कच्चे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत हाही हेतू होता. आज जगभरचे लोक त्याच रस्त्यांसाठी तिकडे जातात.

पाणंद ग्रामपंचायतीकडे, कालवा आणि बंधारा पाटबंधारे खात्याकडे, पठार वनखात्याकडे. म्हणून जिल्हाधिकाऱ्यांनी तिघांना एकत्र बसवावे. पावसाळा संपताना बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालायला पाटबंधाऱ्याची माणसे जागेवर जातातच. पहिले फलक त्याच फेरीत रोवता येतील.

आपले,
कोल्हापुरातील काही सायकलस्वार व सायकल मेकॅनिक